बीबीएससाठी टर्मिनल कोणतं घ्यावं? आधी पलीकडचं यंत्र ओळखा

तुमची अडचण मला कळली ती अशी. विंडोज ११च्या लॅपटॉपवर पुट्टी हे टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाशी मजकुरातून बोलायचा प्रोग्राम, घेऊन तुम्ही टेलनेट या जुन्या जोडणीने दोन बीबीएसना, म्हणजे निरोप आणि फाइलींच्या बुलेटिन बोर्डांना, जोडून पाहिलंत. पहिल्या बोर्डावर स्वागताच्या चित्राच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली. सेटिंगमध्ये थोडी खुडबुड केल्यावर प्रश्नचिन्हं गेली, पण डोक्यावर दोन टिंबं असलेली रोमन अक्षरं आली. फाइल उतरवायला गेलात तर दोन तारका, मग बी, मग शून्यांची ओळ दिसली आणि पुढे काहीच हललं नाही. दुसऱ्या बोर्डाने बॅकस्पेसची कळ दाबायला सांगितली. ती दाबल्यावर सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत आणि मधेमधे कचरा. आता तुम्हाला हवंय एक चांगलं टर्मिनल, जे लिनक्सवरही चालेल आणि जमल्यास फोनवरही.

नावच हवं असेल तर सिंकटर्म घ्या. फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, आणि तुमच्या तक्रारींपैकी बहुतेक पहिल्या पाच मिनिटांत मिटतील. पण एवढ्यावर थांबलो तर तिसऱ्या बोर्डावर तुम्ही परत अडाल. म्हणून हे का होतं तेही सांगतो.

पुट्टी वाईट नाही. मी दिवसभर सर्व्हरची कामं त्यातच करतो. पण ते युनिक्सच्या यंत्राशी बोलायला बनलेलं आहे. बीबीएसच्या पलीकडे बसलेला बोर्ड मात्र असं धरून चालतो की तुमच्यासमोर डॉसचा पीसी आहे, किंवा कमोडोर ६४ आहे, किंवा अमिगा. टर्मिनलचं काम फक्त अक्षरं दाखवणं नाही. बोर्डाच्या मनात जे यंत्र आहे त्याची हुबेहूब नक्कल करणं हे त्याचं खरं काम. त्यामुळे निवड करताना पहिला प्रश्न "माझ्याकडे कोणता संगणक आहे" हा नसतो. "हा बोर्ड कोणत्या संगणकासाठी रंगवलाय" हा असतो.

पहिल्या बोर्डाचं चित्र घ्या. बोर्डाने १९६ हा बाइट पाठवला. आयबीएम पीसीच्या मूळ अक्षरसंचात, म्हणजे सीपी ४३७मध्ये, १९६ म्हणजे आडवी रेघ. चौकटी त्यानेच काढतात. २१९ म्हणजे पूर्ण भरलेला ठोकळा, २२० खालचा अर्धा, २२३ वरचा अर्धा. १७६, १७७ आणि १७८ म्हणजे विरळ, मध्यम आणि दाट ठिपक्यांची छटा. अँसी चित्रांचं, म्हणजे अक्षरं आणि रंगांच्या आज्ञांनी काढलेल्या चित्रांचं, सगळं छायाकाम या मूठभर बाइटांवर आणि सोळा रंगांवर उभं आहे. आता तेच बाइट युटीएफ-८, म्हणजे आजची नेहमीची युनिकोड मांडणी, समजून वाचले तर ते नियमात बसत नाहीत, म्हणून प्रश्नचिन्हं. पश्चिम युरोपच्या लॅटिन संचाने वाचले तर १९६ म्हणजे दोन टिंबांची ए आणि २१९ म्हणजे टोपीवाली यू. तुम्ही जे पाहिलंत ते हेच. चित्र बिघडून आलंच नव्हतं. बाइट बरोबर होते, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता हातात धरला होता.

पुट्टीतही विंडो, मग ट्रान्सलेशन, तिथे सीपी ४३७ हाताने निवडता येतं. तरी काम पुरं होत नाही. पुट्टीची खिडकी मुळात ८० बाय २४ची, डॉसच्या पीसीची स्क्रीन ८० बाय २५ची. आजकालच्या फॉन्टमध्ये ठोकळ्यांच्या मधे केसाएवढी फट राहते, आणि ज्याने चित्र काढलं त्याच्या गुळगुळीत उतारावर आडव्या भेगा दिसतात. बॅकस्पेस दाबलं की पुट्टी १२७ पाठवतं. पुष्कळ बोर्डांना ८ हवा असतो. लुकलुकणारी अक्षरं मुळात बंद असतात. हे सगळं एकेक करून बदलता येतं, मी केलंय. पण बदलून झाल्यावरही दोन गोष्टी उरतात.

एक, ऐंशीवा स्तंभ. डॉसच्या अँसी ड्रायव्हरमध्ये ऐंशीवं अक्षर उमटलं की कर्सर लगेच पुढच्या ओळीत जातो. व्हीटी १०० या जुन्या टर्मिनलच्या घराण्यातली टर्मिनलं तिथेच थांबतात आणि पुढचं अक्षर आलं तरच खाली उतरतात. साध्या मजकुरात फरक कळत नाही. पण चित्रकाराने ऐंशीव्या अक्षरानंतर कर्सर हलवण्याची आज्ञा दिली असेल तर दोन्हीकडे कर्सर वेगळ्या ओळीवर असतो, आणि तिथून पुढचं सगळं चित्र एका ओळीने सरकतं. चेहऱ्याची हनुवटी कपाळावर चढलेली दिसली की मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइल. त्यावर येतोच, पण आधी सिंकटर्म लावून घ्या.

सिंकटर्म हे सिंक्रोनेट या बीबीएस सॉफ्टवेअरच्याच प्रकल्पातलं. त्याच्या ठेवणीतच पीसीची जुनी स्क्रीन आहे: स्वतःचे फॉन्ट, स्वतःची रंगपट्टी. विंडोजच्या फॉन्टशी त्याला देणंघेणं नाही. उघडल्यावर एक यादी दिसते, जुन्या काळच्या फोनबुकसारखी. नवीन नोंद करायची, नाव, पत्ता, पोर्ट आणि जोडणीचा प्रकार भरायचा. एफ २ने ती नोंद उघडली की खरी चावी दिसते: स्क्रीन मोड, फॉन्ट, स्टेटस लाइन आणि वेग. हे सगळं प्रत्येक बोर्डासाठी वेगळं ठेवता येतं. मला हे टर्मिनल पटतं ते मुख्यतः यासाठी.

पीसीच्या बोर्डासाठी स्क्रीन मोड ८० बाय २५ ठेवा. एक बारीक गोष्ट: खालची निळी स्टेटस लाइन एक ओळ खाते, म्हणजे बोर्डाच्या हाती २४ उरतात. बहुतेक बोर्ड २४ ओळी धरूनच मेनू आखतात, तिथे काही बिघडत नाही. पण एखाद्या बोर्डाने पूर्ण २५ ओळींचं चित्र पाठवलं तर वरची ओळ निसटते. अशा बोर्डाच्या नोंदीत स्टेटस लाइन लपवायला सांगा.

पुष्कळ बोर्ड तुमची स्क्रीन किती मोठी आहे हे न विचारता काढून घेतात. ते कर्सरला २५५ ओळी खाली आणि २५५ स्तंभ उजवीकडे जायला सांगतात आणि मग विचारतात, "कुठे आहेस?" टर्मिनल स्वतःचा कोपरा सांगतं. हे उत्तरच आलं नाही तर बोर्ड समजतो की समोर अँसी कळत नाही, आणि तुम्हाला रंगहीन मजकूर देतो. एखाद्या बोर्डावर सगळे रंग पाहतात आणि तुम्हालाच काळं-पांढरं दिसतं, तेव्हा कारण बहुधा हे असतं. विंडोजचं स्वतःचं टेलनेट, जे व्हिस्टापासून मुळात बंद ठेवलेलं असतं, ते चालू करून वापरायच्या भानगडीत पडू नका. मॅकमधून तर टेलनेट २०१७ साली हाय सिएरात काढूनच टाकलं.

वेगाबद्दल एक सांगायचंय, कारण हा मुद्दा लोक निव्वळ हौस म्हणून सोडून देतात. अँसी चित्रं मोडेमच्या वेगासाठी काढलेली असत. २४००च्या मोडेमवर सेकंदाला २४० अक्षरं येतात. ८० गुणिले २५ म्हणजे २००० अक्षरांची स्क्रीन भरायला आठ सेकंद लागतात. कर्सर कुठून कुठे जातो, आधी डोळे उमटतात की नाव, हे चित्रकाराने ठरवलेलं असतं. आजच्या ब्रॉडबँडवर ते एका झटक्यात येतं आणि हलणाऱ्या चित्रांचं हलणं दिसतच नाही. सिंकटर्मच्या नोंदीत वेग ९६०० किंवा १९२०० करून बघा. एक चित्र तरी असं पाहाच.

आता फाइल. तुम्ही पाहिलेल्या दोन तारका, बी आणि शून्यं ही चूक नव्हती. ती झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीची हाक होती. बोर्ड म्हणत होता, "पाठवायला तयार आहे, तुझ्याकडे घेणारा कोणी आहे का?" पुट्टीमध्ये घेणारा कोणीच नाही, म्हणून ती हाक तशीच पडद्यावर उमटली. सिंकटर्म ती ओळखतं आणि उतरवणं आपोआप सुरू होतं. असं कुठेही अडकलात तर कंट्रोल-एक्स पाच-सहा वेळा दाबा. पलीकडचा पाठवणारा सोडून देतो आणि मेनू परत येतो.

अशा पद्धतींतलं एक्समोडेम १९७७ सालचं, वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७८मध्ये, त्यांनी आणि रँडी सूस यांनी शिकागोत पहिला बीबीएस सुरू केला. एक्समोडेम १२८ बाइटांचे तुकडे पाठवतं, फाइलचं नाव पाठवत नाही आणि शेवटचा तुकडा भरायला शेपटीला फालतू बाइट लावतं. वायमोडेम नाव आणि आकार सांगतं. झेडमोडेम १९८६चं, चक फोर्सबर्ग यांचं; ते थांबत थांबत न जाता सलग पाठवतं आणि लाइन तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे सुरू करतं. ही शेवटची सोय काय चीज आहे हे मला पुण्यातून मुंबईच्या एका बोर्डाला एसटीडीने फोन लावायच्या दिवसांत कळलं. साडेतीनशे किलोबाइटची फाइल, २४००चा मोडेम, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी पंचवीस मिनिटं. विसाव्या मिनिटाला घरात कोणीतरी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की संपलं. एक्समोडेमने पहिल्यापासून. झेडमोडेम हाती आल्यावर मी ती फाइल तीन रात्रींत तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण केली. म्हणून झेडमोडेम नसलेल्या टर्मिनलला मी बीबीएसचं टर्मिनल म्हणत नाही.

टेलनेटवर फाइल उतरवताना एक वेगळी अडचण येते. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट म्हणजे "पुढे आज्ञा आहे" अशी खूण. फाइलमध्ये खरोखरचा २५५ आला तर तो दोनदा पाठवायचा असा नियम आहे. एक बाजू नियम पाळते आणि दुसरी पाळत नाही, अशी जोडी जमली की फाइल बिघडते. ओळखायची खूण सोपी आहे: दर वेळी त्याच बाइटपाशी अडत असेल तर दोष टेलनेटच्या थरात, वेगवेगळ्या ठिकाणी अडत असेल तर नेटमध्ये. पहिल्या प्रकारात त्याच बोर्डाची दुसरी नोंद करा आणि जोडणीचा प्रकार रॉ (टेलनेटशिवाय थेट), आरलॉगिन (टेलनेटसारखीच एक जुनी जोडणी) किंवा एसएसएच (मजकूर सांकेतिक करून नेणारी जोडणी) यांपैकी बोर्ड जे देत असेल ते ठेवा. माझ्या अनुभवात एसएसएचवर हा प्रश्न येत नाही.

एसएसएचचा विषय निघालाच आहे तर पासवर्डबद्दल. टेलनेटवर तुमचा पासवर्ड उघडा जातो. रस्त्यात कोणीही वाचू शकतो. बोर्डासाठी वेगळा पासवर्ड ठेवा, ईमेलचा किंवा बँकेचा तर चुकूनही नको. बोर्ड एसएसएच देत असेल तर तेच वापरा. सिंकटर्मच्या जुन्या आवृत्त्या यादीतला पासवर्ड साध्या मजकुरात ठेवतात, हेही ध्यानात असू द्या. आणि काही बोर्ड सुरुवातीला एस्केप दोनदा दाबायला सांगतात, किंवा २३ सोडून भलत्याच पोर्टवर असतात. २०१६च्या मिराई या मालवेअरच्या प्रकरणानंतर २३ नंबरच्या, म्हणजे टेलनेटच्या नेहमीच्या, पोर्टवर यंत्रांची अखंड धडक चालू असते, ती चुकवण्यासाठी हे. बोर्ड बंद आहे असं समजून सोडून देऊ नका, यादीतला पोर्ट नीट बघा.

दुसरा बोर्ड कमोडोरचा आहे, यात मला शंका नाही. बॅकस्पेस दाबायला सांगणं हीच त्यांची ओळखपरेड असते. कमोडोर त्या कळेला २० पाठवतो, पीसी ८ पाठवतो. त्यावरून बोर्ड ठरवतो की पेट्स्की, म्हणजे कमोडोरचा स्वतःचा अक्षरसंच, पाठवायचं की साधी अक्षरं. तुमच्या पुट्टीने १२७ पाठवला, बोर्डाला तो कळला नाही, त्याने तुम्हाला कमोडोर धरलं. पेट्स्कीत लहान अक्षरं तिथे असतात जिथे आपल्याकडे कॅपिटल, म्हणून सगळा मजकूर ओरडत आल्यासारखा दिसला. सिंकटर्ममध्ये या बोर्डाच्या नोंदीत स्क्रीन मोड कमोडोर ६४ करा. खिडकी ४० स्तंभांची होईल, रंग बदलतील, बॅकस्पेस २० पाठवेल, आणि जो कचरा वाटत होता ती त्या यंत्राची चित्राक्षरं निघतील. ८०च्या मोडमध्ये जाऊन साधा मजकूर वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण त्या बोर्डावर कोणीतरी ४० स्तंभांतच हात बसवलाय.

अटारीच्या आठ-बिट बोर्डांचंही तसंच: तिथे ओळ १३ने नाही, १५५ने संपते, म्हणून चुकीच्या मोडमध्ये सगळा मजकूर एकाच लांब ओळीत घुसतो. त्यासाठीही सिंकटर्ममध्ये मोड आहे. अमिगाच्या बोर्डांना मोड साधाच चालतो, फक्त फॉन्ट टोपाझ, म्हणजे अमिगाचा मूळ फॉन्ट, करा. पीसीच्या फॉन्टमध्ये अमिगाची चित्रं वेडीवाकडी दिसतात, कारण ती नुसत्या तिरप्या रेघा आणि अंडरस्कोअर यांनी काढलेली असतात आणि टोपाझमध्ये त्या एकमेकींना टेकतात.

सिंकटर्म सोडून दुसरं काय? लिनक्सवर कोडेम मला आवडतं. १९८४च्या क्यूमोडेम या डॉसच्या टर्मिनलची ती नक्कल आहे आणि सीपी ४३७चे बाइट युनिकोडमध्ये बदलून तुमच्या नेहमीच्या टर्मिनलमध्येच दाखवते, त्यामुळे एसएसएचने दूरच्या यंत्रावर बसून तिथूनही बोर्डाला जाता येतं. आइसीटर्म नवीन आहे, दिसायला देखणं, आणि १९९२च्या रिपस्क्रिप या चित्रं काढायच्या पद्धतीचे ग्राफिक बोर्डही दाखवतं. नेटरनर हे मिस्टिक या बीबीएस सॉफ्टवेअरच्या लेखकाचं. विंडोजवर हलकं चालतं. मॅक आणि आयफोनवर मफिनटर्म. अँड्रॉइडवर कनेक्टबॉटमध्ये सीपी ४३७ निवडता येतं, निरोप वाचायला पुरेसं आहे. पण फोनच्या अरुंद पडद्यावर ८० स्तंभ म्हणजे डोळ्यांना ताण, मी फक्त प्रवासात वापरतो.

खरा जुना संगणक हाताशी असेल तर मात्र नक्कल करणारं काही नको. वायफाय मोडेम मिळतो, सिरियल पोर्टला लावायचा आणि जुन्या पद्धतीने एटीडीटी ही डायल करायची आज्ञा लिहून फोन नंबरच्या जागी बोर्डाचा पत्ता द्यायचा. टर्मिनल म्हणून डॉसवर टेलिक्स, कमोडोरवर सीसीजीएमएस. डॉसचं यंत्र नसेल तर त्याची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये सिरियल पोर्टला मोडेम जोडता येतो आणि टेलिक्स त्यातच फोन लावतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. तैवानचा पीटीटी हा बोर्ड १९९५पासून चालू आहे आणि तिथली गर्दी पाहून बीबीएस संपले असं म्हणवत नाही. पण तो चिनी लिपीसाठी बिग५ या संचावर उभा आहे. सीपी ४३७ लावून तिथे गेलात तर ओळीच्या ओळी ठोकळ्यांच्या दिसतील. तिथे एसएसएच आणि युटीएफ-८ वापरा, म्हणजे तुमची पुट्टी तिथे योग्य ठरते. पलीकडचं यंत्र वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की बोर्डावर मराठीत लिहिता येईल का. सीपी ४३७ असलेल्या बोर्डावर नाही, कारण १२८च्या वरची सगळी जागा ठोकळे, रेघा आणि युरोपी अक्षरं यांनी व्यापलेली आहे. गंमत अशी की देवनागरीसाठी १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की या अक्षरसंचानेही आठ बिटांतली हीच वरची बाजू घेतली होती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसच्या साध्या पडद्यावर मराठी उमटायची. म्हणजे टर्मिनलवर मराठी ही काही अशक्य गोष्ट नव्हती. आज काही बोर्ड युटीएफ-८ स्वीकारतात. तिथे मराठी निरोप जातो आणि साठवलाही जातो. दिसताना मात्र अडचण आहे: टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक चौकट देतं आणि आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरं चौकटींच्या हिशोबात बसत नाहीत. लिनक्सवर एमएलटर्म हे काम बऱ्यापैकी करतं. सिंकटर्मकडून ही अपेक्षा ठेवू नका, ते त्याचं काम नाही.

आता आधी एवढं करा. सिंकटर्म लावा, पहिल्या बोर्डाची नोंद ८० बाय २५ मोडमध्ये आणि दुसऱ्याची कमोडोर ६४ मोडमध्ये करा. सरावासाठी तिसरी नोंद सिंक्रोनेटच्या मूळ बोर्डाची, व्हर्ट्राउएनची करा. तिथे टेलनेट, आरलॉगिन आणि एसएसएच तिन्ही चालतात, तेव्हा तीच फाइल तीन प्रकारे उतरवून बघता येईल. यानंतरही एखादं चित्र सरकलेलं दिसलं तर ऑल्ट-सी दाबून रॉ पद्धतीने कॅप्चर सुरू करा, तीच स्क्रीन पुन्हा मागवा आणि ती फाइल मला पाठवा. पडद्याचा फोटो नको. फोटोत फक्त बिघाड दिसतो, कॅप्चरमध्ये बोर्डाने पाठवलेले बाइट असतात आणि ऐंशीव्या स्तंभानंतर नेमकं काय आलं ते मला मोजून सांगता येईल.